मॅमोग्रामवरच्या समांतर रेघा : एका दुर्लक्षित खुणेचा इतिहास

स्तनाच्या क्ष-किरण चित्रात, म्हणजे मॅमोग्राममध्ये, काही स्त्रियांच्या बाबतीत रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेघा वळणे घेत गेलेल्या दिसतात. स्तनाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठले की तिथे क्ष-किरण अडतात आणि एरवी नजरेस न पडणारी धमनी चित्रात उमटते. या रेघांचा कर्करोगाशी संबंध नसतो. त्या दुखत नाहीत, हाताला लागत नाहीत, आणि स्त्रीला त्यांची चाहूलही नसते. वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढत जाते. लक्षणे नसताना ठरावीक काळाने तपासणी करून घेणाऱ्या स्त्रियांच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यात हे प्रमाण १२.७ टक्के निघाले. साठी ओलांडलेल्या स्त्रियांत ते याच्या दुप्पट असू शकते. अशा रेघा असलेल्या स्त्रियांना पुढे हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे आज पुरेशा खात्रीने सांगता येते. एवढे सांगता येण्यासाठी मात्र अनेक दशके जावी लागली. तंत्रातील उणिवांमुळे काही उशीर झाला. बराचसा उशीर या चित्राला कोणता प्रश्न विचारायचा ते आधीच ठरून गेल्यामुळे झाला.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांना परिचित असलेला धमनीकाठिण्याचा विकार सर्वांत आतल्या थरात होतो. तिथे चरबी साठते, दाह होतो, गाठी तयार होतात, पोकळी अरुंद होते आणि एखादी गाठ फुटली की रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहान गेओर्ग म्यॉन्केबेर्ग यांनी १९०३ साली हातापायांच्या धमन्यांत एका वेगळ्या विकाराचे वर्णन केले. त्यात कॅल्शियम मधल्या, स्नायूंच्या थरात साठते. पोकळी फारशी अरुंद होत नाही, पण धमनीची लवचीकता जाते आणि तिची नळी ताठर बनते. स्तनातील धमन्यांत दिसणारे कॅल्शियम मुख्यतः याच जातीचे असते. म्यॉन्केबेर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार म्हातारपणाबरोबर येणारा, मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत जास्त दिसणारा आणि एकंदरीत निरुपद्रवी, अशी समजूत वैद्यकात पुढे दीर्घकाळ टिकली. रक्तप्रवाह अडत नाही म्हणजे धोका नाही, असा सरळ हिशेब त्यामागे होता. धमनी ताठर झाली की हृदयाला प्रत्येक ठोक्याला अधिक जोर लावावा लागतो आणि नाजूक केशवाहिन्यांवर रक्ताचे आघात थेट आदळतात, ही बाजू त्या हिशेबात धरली गेली नाही.

स्तनाच्या क्ष-किरण चित्रणाची सुरुवात यानंतर दहाच वर्षांनी झाली. बर्लिनमधील शल्यचिकित्सक आल्बेर्ट सालोमोन यांनी कर्करोगामुळे काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेऊन ती प्रत्यक्ष ऊतींशी ताडून पाहिली आणि १९१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही गाठींच्या मध्यभागी त्यांना बारीक ठिपके दिसले होते. ते कॅल्शियमचे कण होते, हे पुढे स्पष्ट झाले. सालोमोन यांचे काम पुढे गेले नाही. नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली, छळछावणीही त्यांच्या वाट्याला आली. नेदरलँड्समध्ये लपून राहिल्यामुळे ते वाचले. त्यांची मुलगी, चित्रकार शार्लोट्टे सालोमोन, हिला मात्र १९४३ साली आउशविट्झमध्ये मारण्यात आले. मॅमोग्राफीचा पाया घालणाऱ्या या माणसाचे नाव क्ष-किरण विभागांतही क्वचितच घेतले जाते, म्हणून त्याची इथे नोंद हवी.

जिवंत स्त्रियांच्या स्तनांचे पद्धतशीर चित्रण अमेरिकेतील रॉचेस्टर येथे स्टॅफर्ड वॉरन यांनी १९३० साली प्रसिद्ध केले. १९५० च्या आसपास उरुग्वेमध्ये राउल लेबोर्न यांनी स्तन दाबून चित्र घेण्याची पद्धत रूढ केली आणि सालोमोन यांच्या त्या ठिपक्यांना त्यांचे योग्य स्थान मिळवून दिले: मिठाच्या कणांएवढे, दाटीने जमलेले कॅल्शियमचे कण ही कर्करोगाची महत्त्वाची खूण ठरली. ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट ईगन यांनी १९६० साली १,००० तपासण्यांचा अनुभव मांडला आणि कोणालाही शिकता येईल अशी कार्यपद्धती घालून दिली. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकातच केवळ स्तनासाठी बनवलेले यंत्र तयार झाले. न्यू यॉर्कमध्ये १९६३ साली सुमारे ६२,००० स्त्रियांवर पहिली मोठी चाचणी सुरू झाली आणि नियमित तपासणीने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात, हे तिने दाखवले. ब्रिटनने १९८८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पश्चिम युरोपातील इतर देशही त्याच वाटेने गेले.

या प्रवासात क्ष-किरणतज्ज्ञाची नजर एका विशिष्ट रीतीने घडली. कॅल्शियम दिसले की पहिला प्रश्न असे, हे कण कर्करोगाचे आहेत का. धमन्यांतले कॅल्शियम ओळखायला सोपे होते, त्यामुळे ते प्रथम बाजूला काढले जाई. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने १९९३ पासून मॅमोग्रामच्या अहवालासाठी जी प्रमाणित भाषा तयार केली, तिच्यातही धमन्यांतील कॅल्शियम हे ठरावीक सौम्य खुणांच्या यादीत आले. कर्करोगाच्या दृष्टीने ते बरोबरच होते, आणि घाबरलेल्या स्त्रीला अनावश्यक बायॉप्सी टाळता आल्या हा त्याचा खरा फायदा. परंतु सौम्य म्हणून गणलेली गोष्ट बहुतेक अहवालांत लिहिलीच जात नसे. हजारो चित्रांवर, दर दोन-तीन वर्षांनी, धमन्यांची स्थिती नोंदली जात होती आणि ती पाहणारा तज्ज्ञ ती कोणाला सांगत नव्हता.

ही खूण हृदयतज्ज्ञापर्यंत पोहोचली असती तरी लगेच उपयोगी पडली असती असे नाही, कारण हृदयविकार हा पुरुषांचा आजार ही कल्पना हृदयविज्ञानात पक्की बसली होती. तिची मुळे जुनी आहेत. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ साली छातीतील त्या विशिष्ट वेदनेचे, अँजायनाचे, पहिले नेमके वर्णन केले. त्यांनी पाहिलेल्या सुमारे शंभर रुग्णांत स्त्रिया फक्त तीन होत्या. बाकी बहुतेक सगळे पन्नाशीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे पुरुष. त्या काळी किती स्त्रिया पन्नाशी-साठी पार करत आणि त्यांतल्या किती डॉक्टरांपर्यंत जात, हा प्रश्न बाजूला राहिला आणि आकडा मात्र पुढच्या पिढ्यांच्या मनात बसला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या समजुतीला संस्थात्मक रूप आले. १९६४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे स्त्रियांसाठी हृदयविकारावरची पहिली परिषद भरवली. तिचे नाव होते ‘हार्ट्स अँड हझबंड्स’. हजारो स्त्रिया तिथे आल्या आणि त्यांना शिकवले गेले ते पतीच्या हृदयाची काळजी कशी घ्यायची, त्याला काय खाऊ घालायचे, त्याचा ताण कसा कमी करायचा. सभागृहात बसलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी पुढे स्वतः याच विकाराने मरण पावणार होत्या, हे त्या काळच्या मृत्यूच्या आकडेवारीत शोधणाऱ्याला दिसले असते. मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासात ५,२०९ लोकांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, तेव्हा माहितीची वानवा होती असे म्हणता येत नाही. पण त्यातील सुरुवातीच्या निष्कर्षांवरून स्त्रियांचा अँजायना फारसा घातक नसतो असा अर्थ काढला गेला, आणि डॉक्टरांनी तो मनावर घेतला.

औषधांच्या आणि जोखीम कमी करण्याच्या मोठ्या चाचण्यांत तर स्त्रिया नव्हत्याच. अनेक जोखीम घटक एकाच वेळी कमी करून पाहणारी अमेरिकी चाचणी १२,८६६ पुरुषांवर झाली. एक दिवसाआड घेतलेल्या ॲस्पिरिनने हृदयविकाराचा पहिला झटका टळतो हे १९८९ साली ज्या चाचणीने दाखवले, तिच्यातले २२,०७१ डॉक्टर सगळे पुरुष होते. हाच प्रश्न ३९,८७६ स्त्रियांना घेऊन तपासला गेला तेव्हा, २००५ साली, उत्तर वेगळे आले: स्त्रियांत ॲस्पिरिनने पक्षाघाताचे प्रमाण कमी झाले, हृदयविकाराच्या झटक्याचे मात्र एकूणात कमी झाले नाही. पुरुषांवरून स्त्रियांचे अनुमान काढण्यात काय धोका असतो, हे या एका जोडीवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही.

बदल १९९१ मध्ये सुरू झाला. हृदयतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी त्या वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधील संपादकीयात लिहिले की, पुरुषासारखा आजार आपल्याला आहे हे स्त्रीला आधी सिद्ध करावे लागते, मगच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. त्याच वर्षी त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांचा फार मोठा अभ्यास त्यांनी उभा केला. त्यातूनच २००२ साली, संप्रेरकांच्या गोळ्या हृदयाचे रक्षण करतात ही लोकप्रिय समजूत मोडली. १९९३ च्या कायद्याने सरकारी पैशावर होणाऱ्या चाचण्यांत स्त्रियांचा समावेश बंधनकारक केला. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने छातीत दुखणाऱ्या, पण हृदयाच्या मोठ्या धमन्या मोकळ्या असणाऱ्या स्त्रियांकडे लक्ष वेधले. त्यांच्यापैकी अनेकींच्या बारीक रक्तवाहिन्याच नीट काम करत नव्हत्या. एवढे होऊनही सामान्य स्त्रीपर्यंत ही गोष्ट पोहोचणे कठीण गेले. अमेरिकेतील पाहणीत हृदयविकार हे स्त्रियांच्या मृत्यूचे पहिले कारण आहे हे १९९७ मध्ये ३० टक्के स्त्रियांना माहीत होते. २००९ मध्ये हा आकडा ६५ टक्क्यांवर गेला आणि २०१९ मध्ये पुन्हा ४४ टक्क्यांवर घसरला. स्तनाच्या कर्करोगाची भीती प्रत्येकीला ठाऊक असते, आणि तपासणीसाठी ती त्याच भीतीने येते.

मॅमोग्राफी आणि हृदयविज्ञान यांची गाठ पडण्याआधी एक छोटा टप्पा येऊन गेला होता. १९८० साली रेडिऑलॉजी या नियतकालिकात बाउम, कॉमस्टॉक आणि जोसेफ यांचा दोन पानांचा लेख आला. स्तनातील धमन्यांचे कॅल्शियम आणि मधुमेह यांचा संबंध त्यात दाखवला होता. मॅमोग्रामवरून न ओळखलेला मधुमेह पकडता येईल का, असा प्रश्न त्यातून निघाला. पुढच्या अभ्यासांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत आणि विषय बाजूला पडला.

निर्णायक काम नेदरलँड्समध्ये झाले. उट्रेख्ट येथे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पन्नाशीपुढच्या स्त्रियांसाठी स्तनतपासणीचा कार्यक्रम चालू होता. जुनी चित्रे जपून ठेवलेली होती आणि त्या स्त्रियांचे पुढे काय झाले याची नोंदही होती. सुमारे १२,००० स्त्रियांच्या चित्रांपैकी ९ टक्क्यांमध्ये धमन्यांतले कॅल्शियम आढळले. १९९६ आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखांनी दाखवले की अशा स्त्रियांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे आणि त्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जास्त होते. मधुमेह असलेल्यांत ते आणखी ठळक होते. कर्करोगासाठी घेतलेले चित्र पहिल्यांदाच दुसऱ्या आजाराच्या दृष्टीने इतक्या मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही की एकाही स्त्रीला पुन्हा क्ष-किरण घ्यावे लागले नाहीत.

कॅलिफोर्नियात कार्लोस इरिबारेन आणि सहकाऱ्यांनी १२,७६१ स्त्रियांचा असाच मागोवा घेतला. त्यांची मॅमोग्राम १९६८ ते १९७३ या काळातली होती आणि पुढची नोंद सुमारे पंचवीस वर्षांची. फक्त ३ टक्के चित्रांत कॅल्शियम सापडले, तरी इतर कारणे वेगळी काढल्यावरही त्या स्त्रियांत हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाला. जुन्या फिल्मवर फक्त ठळक रेघाच दिसत. २००० साली अमेरिकेत डिजिटल मॅमोग्राफीला मान्यता मिळाली आणि बारीक कॅल्शियमही पडद्यावर स्पष्ट दिसू लागले. मधल्या काळात, १९९० पासून, सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्यांतील कॅल्शियम मोजण्याची पद्धत आली होती आणि जोखीम ठरवण्यासाठी ती मान्यता पावत होती. न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लॉरी मार्गोलिस आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली २९२ स्त्रियांच्या मॅमोग्रामची तुलना त्यांच्याच छातीच्या सीटी स्कॅनशी केली. सुमारे ७० टक्के स्त्रियांत दोन्हींचे उत्तर एकच आले.

इरिबारेन यांच्याच नेतृत्वाखाली झालेला मिनर्व्हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ६० ते ७९ वर्षांच्या ५,०५९ स्त्रियांच्या डिजिटल चित्रांत कॅल्शियमचे प्रमाण प्रत्यक्ष मोजले गेले आणि सुमारे साडेसहा वर्षे पाठपुरावा झाला. २६ टक्के स्त्रियांत कॅल्शियम होते. त्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होता, आणि हृदय निकामी होणे वगैरे सर्व विकार एकत्र धरले तर २३ टक्क्यांनी. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही हा फरक उरला. मात्र कॅल्शियम जितके जास्त तितका धोका जास्त, असे सरळ प्रमाण या अभ्यासात आढळले नाही.

या खुणेच्या स्वभावात काही कोडी आहेत. २०१५ च्या एकत्रित विश्लेषणात तिचा संबंध वय, मधुमेह आणि बाळंतपणांच्या संख्येशी दिसला. उच्च रक्तदाब, लठ्ठपणा आणि बिघडलेले कोलेस्टेरॉल यांच्याशी संबंध दिसला नाही, आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत तर ही खूण कमी आढळली. हृदयविकाराच्या नेहमीच्या कारणांशी हे जुळत नाही. याचा अर्थ धूम्रपान हितकारक असा मुळीच नाही. स्तनातील कॅल्शियम हा आतल्या थराच्या विकारापेक्षा वेगळ्या वाटेने येणारा विकार आहे, असाच तो घ्यावा लागतो. बाळंतपणाशी असलेले नाते सर्वांत कुतूहलाचे आहे. गर्भारपणात आणि स्तनपानात स्तनाचा रक्तपुरवठा खूप वाढतो व शरीरातील कॅल्शियमची उलाढालही बदलते, पण त्यातून धमनीच्या मधल्या थरात नेमके काय घडते याचा उलगडा अद्याप पूर्ण झालेला नाही. छातीच्या आतून जाणाऱ्या ज्या धमनीच्या स्तनातील शाखा या रेघांत दिसतात, तीच धमनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत सर्वांत टिकाऊ म्हणून वापरली जाते, कारण आतल्या थरातील धमनीकाठिण्य तिच्यात फार कमी होते. दोन विकारांची वाट वेगळी असल्याचा हा आणखी एक पुरावा.

कळवावे की नाही, हा वाद यातूनच उभा राहिला. कळवू नये म्हणणाऱ्यांचे म्हणणे गंभीरपणे घेण्यासारखे आहे: प्रचलित जोखीम-गणकांत या खुणेला स्थान नाही, तिच्या आधारे उपचार बदलल्याने झटके टळतात हे सिद्ध करणारी मोठी चाचणी नाही, आणि कर्करोग नाही हे ऐकून सुटलेल्या स्त्रीला लगेच दुसरी चिंता देणे योग्य का, हा प्रश्न उरतोच. स्त्रियांना विचारले तेव्हा मात्र बहुसंख्यांनी माहिती हवी असेच सांगितले. तेच उत्तर अधिक वजनदार मानायला हवे. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला सांगणे ही स्वस्त आणि निर्धोक गोष्ट आहे, आणि मॅमोग्रामसाठी नियमित येणाऱ्या कितीतरी स्त्रियांनी हृदयाच्या दृष्टीने स्वतःची तपासणी कधीच केलेली नसते. कॅनडातील स्तनचित्रण संस्थेने २०२३ साली ही खूण अहवालात नोंदवावी अशी भूमिका जाहीर केली. तिचे प्रमाण मोजण्याचे कष्टाचे काम आता संगणकीय प्रणाली करू लागल्या आहेत. सान डिएगो येथील संशोधकांनी २०२४ साली १८,००० हून अधिक स्त्रियांच्या चित्रांवर असा आपोआप काढलेला गुणांक वापरला, आणि गुणांकाचा संबंध पुढील हृदयविकाराशी व मृत्यूशी आढळला.

भारतात परिस्थिती वेगळी आहे, कारण इथे निरोगी स्त्रियांची मॅमोग्राफी सरसकट होत नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील वस्त्यांमध्ये १,५१,५३८ स्त्रियांची चाचणी केली. त्यात निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१ साली आलेल्या निकालात पन्नाशीपुढच्या स्त्रियांत कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी हाताने करायची तपासणीच निवडली. खर्च आणि मनुष्यबळ पाहता हा निर्णय शहाणपणाचा आहे, पण त्यामुळे धमन्यांची ही आयती नोंद बहुसंख्य भारतीय स्त्रियांच्या बाबतीत तयारच होत नाही. दुसरीकडे गरज इथे जास्त आहे. ५२ देशांतील अभ्यासाच्या आधारे २००७ साली दिसले की दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र ५८.८ व्या वर्षी. भारतात मधुमेहींची संख्या २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० कोटींच्या पुढे आहे. महाराष्ट्रातील शहरांत गाठ जाणवली म्हणून किंवा आरोग्यतपासणीचा भाग म्हणून मॅमोग्राम करून घेणाऱ्या स्त्रियांच्या चित्रांवर या रेघा दिसतातच. अहवालात त्यांची एक ओळ लिहिली आणि ती कौटुंबिक डॉक्टरांपर्यंत गेली, तर रक्तदाब आणि साखर तपासण्याला निमित्त मिळते. रेघा नसणे म्हणजे हृदय निर्धोक असे मात्र नाही. मिनर्व्हातल्या ७४ टक्के स्त्रियांत कॅल्शियम नव्हते, आणि झटके त्यांच्यातही आले.